ओलेत्याचं सोवळं

गोदाकाकूंचं सोवळं फार कडक, असं ठाण्याच्या त्या आळीत जो तो म्हणे, आणि ते कानावर आलं की गोदाकाकू धास्तावून विषय बदलत.

इतर घरच्या स्वयंपाकिणी रात्री वलणीवर वाळत घातलेलं लुगडं सकाळी काठीने काढून नेसत आणि चुलीपुढे बसत. तेवढं सोवळं सगळ्यांना पुरे होतं. गोदाकाकू मात्र परसातल्या विहिरीवर दोन घागरी डोक्यावरून ओतून घेत आणि त्याच निथळत्या नऊवारीत स्वयंपाकघरात येत. ओलेत्याने रांधणं म्हणजे सोवळ्याची शेवटची पायरी. पूर्वी श्राद्धाला कुणी एखादी करायची, गोदाकाकू रोज करत. मार्गशीर्षातल्या थंडीत दात वाजत, तरीही करत. लुगडं अंगावर वाळू लागलं की भाजी उतरवून पुन्हा विहिरीवर जात. आळीतल्या सासवा आपापल्या सुनांना त्यांचा दाखला देत, आणि सुना मनातल्या मनात गोदाकाकूंचा उद्धार करत.

खरं सांगायचं तर त्यात धर्म कवडीचा नव्हता. गोदाकाकूंना लघवी आवरत नव्हती. ओल्या लुगड्यावर आणखी ओलं झालेलं दिसत नाही, एवढंच त्या सोवळ्याचं रहस्य होतं.

ही गोष्ट एकोणीसशे बावन्न सालची. गोदाकाकू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी हात झटकले, आणि वणवण करून त्या त्र्यंबकरावांच्या घरी स्वयंपाकाला लागल्या, त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. त्र्यंबकरावांना सगळे अण्णा म्हणत. ते कोर्टात शिरस्तेदार होते, आता सत्तरीला टेकून घरी बसले होते. पत्नी वारलेली, मुलगा हरिहर मुंबईला कचेरीत, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. घर सांभाळायची ती त्याची बायको उत्तरा. स्वयंपाकघरामागे कोठीची एक खोली होती, ती गोदाकाकूंची. एक ट्रंक, एक वळकटी आणि खिडकीतून दिसणारा विहिरीचा काठ. जगात त्यांची म्हणण्यासारखी जागा तेवढी एकच होती.

पाच वर्षांपूर्वी आधी पाय बिघडले. चालताना पावलं जमिनीला घासू लागली, वहाण पायातून निसटून मागे राहू लागली. गुडघे ताठ झाले. वलणीवरचं लुगडं काठीने काढायला टाचा उचलाव्या लागतात, त्या उचलेनात. वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग एके दिवशी पुऱ्या तळताना लघवीची भावना झाली, आणि झाली ती अशी की झाराही खाली ठेवू देईना. मोरी बारा पावलांवर होती. त्या चार पावलं गेल्या आणि तिथेच सगळं झालं.

माजघरातून उत्तराची चाहूल लागली. गोदाकाकूंनी कोपऱ्यातली पाण्याची कळशी उचलली आणि भडाभडा अंगावर ओतून घेतली.

"काय झालं काकू?" उत्तरा दारात येऊन उभी राहिली.

"पाल पडली गं अंगावर," गोदाकाकू म्हणाल्या. "आता विहिरीवर जाऊन पुन्हा न्हायलाच हवं."

त्या दिवशीच्या पुऱ्या ओलेत्याने झाल्या. अण्णा ताटावर बसले तेव्हा म्हणाले, "गोदाबाई, हल्ली इतकं कोण पाळतं?" आणि गोदाकाकूंना सुटकेचा रस्ता सापडला.

भीती नुसत्या फजितीची असती तर माणूस ती गिळून बसतं. पण गोदाकाकूंना हा आजार चांगलाच ओळखीचा होता. त्यांची आई अशीच गेली. कल्याणला माहेरच्या घरी आईचे पाय आधी असेच घासू लागले, मग ताठले, मग लघवी सुटली. वैद्य म्हणाले, वाताचा आजार. पहिल्या वर्षी आईला माजघरातून ओटीवर हलवलं, दुसऱ्या वर्षी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. तिथे सुंभाची खाट होती, मधोमध सुंभ कापून भोक पाडलेली, आणि खाली राखेची टोपली. जेवणाचं ताट दारातून आत सरकवत. आई तिथे सहा वर्षं होती. गोदा लहान होती, तिला त्या खोलीत जायची मनाई होती, पण राखेचा तो ओला वास तिच्या नाकातून जन्मात गेला नाही. ते घर आता भाच्याकडे, गोपीनाथकडे होतं. तो चांगला मुलगा होता. गोठाही अजून होता.

कल्याण हा शब्द कुणी नुसता बोलण्याच्या ओघात काढला तरी गोदाकाकूंच्या हातातलं पोळीचं लाटणं थांबायचं.

म्हणून त्यांनी पाणी तोडलं. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून, असा त्यांचा सरळ हिशेब. सकाळी तुळशीच्या तीर्थाच्या दोन पळ्या, दुपारी भाताबरोबर चमचाभर ताक, बस. एकादशीला तर थेंबही नाही. आळीत पुन्हा बोलबाला झाला, गोदाकाकू निर्जळी करतात. लघवी तांबडी होऊ लागली, आग होऊ लागली, चार-सहा आठवड्यांनी थंडी वाजून ताप भरायचा आणि आपला आपण उतरायचा. ओठ फुटले, जीभ चिकटू लागली. तरी जे व्हायचं ते व्हायचंच, उलट अधिक घाईने आणि थोडं थोडं, दिवसातून वीसदा.

त्यात पापाची धास्ती वेगळी. रोज नैवेद्याचं पान वाढताना त्या देवाकडे नजर वर करत नसत. आपण अशा, आणि आपल्या हातचं देवाला. 'तू पाहतोयस, मला ठाऊक आहे,' असं त्या मनात म्हणत आणि पानावर तुळशीपत्र ठेवत. देव काही करत नव्हता. त्याचीही त्यांना भीतीच वाटे, की तो सगळं एकदम करील.

अण्णा स्वतः सोवळ्याचे मोठे कडवे. अलीकडे तर त्यांचंही सोवळं वाढलं होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या हातांना कंप सुटला होता. वैद्यांनी कंपवात म्हटलं आणि गोळ्या दिल्या, त्यांनी फरक पडला नाही. संध्येला बसले की आचमनाचं पाणी तोंडापर्यंत पोचेतो निम्मं धोतरावर सांडे. मग ते चिडून उठत, न्हाणीघरात जाऊन धोतर बदलत. दिवसातून तीनतीनदा धोतरं बदलत. उत्तरा धुणं धुऊन थकून जाई. "मामंजींना आता संध्या चमच्याने करायला सांगायला हवी," असं ती एकदा म्हणाली आणि दोघी हसल्या. गोदाकाकूंना वाटलं, इतक्या शुचिर्भूत माणसाला आपलं कळलं तर तो काय करील.

पितृपक्षात अण्णांच्या वडिलांची तिथी होती. तीन ब्राह्मण जेवायला सांगितलेले. वडे, गव्हल्यांची खीर, अळू, कढी, आमसुलाची चटणी, दोन भाज्या. गोदाकाकूंनी आदल्या सकाळपासूनच पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आणि आदल्या संध्याकाळपासून एक नवल घडलं होतं. त्या कोरड्या होत्या. रात्र गेली, पहाट गेली, अंथरूण कोरडं. सकाळी विहिरीवर न्हाताना त्यांना रडू फुटलं, पण ते आनंदाचं. त्यांना वाटलं, पितरांनी ऐकलं. निदान आजच्या दिवसाला तरी आपल्या हातचं त्यांना शुद्ध हवं होतं. कित्येक वर्षांनी त्या दिवशी त्यांनी वलणीवरचं कोरडं लुगडं उत्तराकडून काठीने काढून घेतलं आणि नेसल्या.

दहा वाजेपर्यंत अळू झालं, खीर झाली. ओटीपोटात मघापासून एक जडपणा होता, तो आता दुखू लागला. उपाशी आहोत म्हणून असेल, असं म्हणून त्या वड्यांच्या पिठाकडे वळल्या. कपाळावर घाम आला आणि लगेच थंडी वाजली, अशी की हातातलं पिठाचं भांडं खडखडू लागलं. त्यांनी चुलीच्या वैलावर हात टेकला तो भाजला, आणि त्यांना तो भाजलेलाही कळला नाही. पुढचं त्यांना आठवलं ते एवढंच, की आपण जमिनीवर आडव्या आहोत आणि उत्तरा आपलं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे.

"काकू, पोटाला हात लावू द्या. अहो, नारळासारखं कडक झालंय."

"शिवू नकोस मला. सोवळ्यात आहे."

"असू दे सोवळं."

उत्तराने शेजारणीकडून निरोप धाडला तो मॅग्डलीन नर्सला. मॅग्डलीन चरईत राहायची, नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात कामाला. उत्तराची दोन्ही बाळंतपणं तिनेच केलेली. ती किरिस्ताव बाई श्राद्धाच्या दिवशी पुढच्या दाराने कशी यायची, म्हणून तिला परसातून आणलं. तिने पिशवी खाली ठेवली, गोदाकाकूंच्या पोटावर दोन बोटं आपटून पाहिली आणि म्हणाली, "लघवी कवा झाली शेवटची?"

गोदाकाकू म्हणाल्या, "काल संध्याकाळी. आज कोरडी आहे मी. पहिल्यांदाच कोरडी आहे."

"आवं काकू, कोरडं रायलं ते बरं झालं म्हनून नाय. दार बंद पडलं म्हनून. आत पिशवी फुटायला आली हाय."

कोठीच्या खोलीत दार लावून तिने रबराची नळी उकळत्या पाण्यात घातली. वीस मिनिटं ती उकळली, आणि ती वीस मिनिटं गोदाकाकूंना आईच्या सहा वर्षांएवढी वाटली. बाहेर ओटीवर ब्राह्मण आले होते, त्यांचे पाय धुतल्याचा आवाज आला. मग नळी घातली. उत्तराने पितळेचं पातेलं धरलं. ते निम्मं भरलं तेव्हा मॅग्डलीनने नळी बोटात दाबून धरली.

"एकदम नाय काढायचं, घेरी येते. जरा दम घेवा."

दीड शेराच्या वर निघालं, गढूळ आणि उग्र वासाचं. पोट खाली बसलं, कळ ओसरली. आणि तो वास खोलीभर पसरला तेव्हा गोदाकाकूंना राखेची टोपली दिसली, आणि त्यांचा धीर सुटला. पाच वर्षं दातांमागे धरून ठेवलेलं सगळं त्यांनी उत्तराला सांगून टाकलं. पुऱ्या, पाल, विहीर, सगळं.

"तो स्वयंपाक पानात वाढू नकोस," त्या म्हणाल्या. "कालपासून कोरडी असले तरी नको. माझा माझ्यावरच भरवसा नाही. अण्णांना सांग. मला कल्याणला धाडतील, तर धाडू देत."

उत्तरा पातेलं घेऊन उठली. मग ते तिने परसात रितं केलं, हात धुतले आणि ओटीवर गेली. काय बोलली ते भिंतीपलीकडे ऐकू आलं नाही. ऐकू आला तो थोड्या वेळाने तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. अण्णांनी त्या दिवशी आमश्राद्ध केलं. तांदूळ, डाळ, तूप, भाजी असा कच्चा शिधा ब्राह्मणांच्या पदरात घातला आणि त्यांना वाटेला लावलं. रांधलेलं सगळं गाईगुरांना गेलं. घरातल्या मोठ्यांनी कुणीच काही खाल्लं नाही.

संध्याकाळी अण्णा कोठीच्या दारात आले, आत पाहिलं नाही. "गोदाबाई, आता चुलीकडे येऊ नका," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी हातोडीने गुडघे ठोकून पाहिले, तळपायावर किल्ली ओढली. पाठीच्या कण्यातली दोरी हळूहळू सुकत चालली आहे, त्यामुळे पायांना आणि लघवीच्या पिशवीला डोक्याचा निरोप धड पोचत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. बरं होईल का, असं उत्तराने विचारलं, तर म्हणाले, "पाय परत येणार नाहीत. लघवीचं मात्र सांभाळता येईल. सांभाळलं नाही तर मूत्रपिंडं जातील, आणि मग पायांची काळजी करायचं कारणच राहणार नाही."

सांभाळायचं कसं ते मॅग्डलीनने शिकवलं. लागण्याची वाटच पाहायची नाही. दर दोन तासांनी, लागो न लागो, मोरीवर जायचं. पुढे वाकून बसायचं, बेंबीखाली मूठ ठेवून हलके दाबायचं. झालं असं वाटलं की उठायचं नाही, शंभर आकडे मोजायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दिवेलागणीपर्यंत सात-आठ पेले पाणी, पुढे मग बेताने. आत किती उरतं ते पाहायला ती सकाळी नळी घालून जायची, पुढे उकळण्या-घालण्याचं सगळं तिने उत्तराला शिकवलं.

"पानी तोडलंत म्हनून हे झालं," ती रोज बजावायची. "पानी तुमचं दुश्मन नाय, काकू."

उत्तराने हरिहरचं गजराचं घड्याळ आणून गोदाकाकूंच्या उशाशी ठेवलं. दर दोन तासांनी गजर लावायचा. तो खणखणाट परसापासून ओटीपर्यंत जायचा, आणि तो झाला की गोदाकाकू लाजेने अर्ध्या होत. लपवण्यात पाच वर्षं घालवली आणि आता घंटा वाजवून जाहीर करायचं. काठी टेकत त्या मोरीवर जात. आठ-दहा दिवसांत वीसदाचं तीनदा झालं, मग एकदा. एक अख्खा दिवस त्या सुकलेलं लुगडं नेसून राहिल्या, आणि या वेळी पोट मऊ होतं.

पण जीव काही खाली पडेना. चूल गेली होती. चुलीवाचून त्यांनी या घरात राहायचं ते कोणत्या नात्याने? खिडकीतून त्यांना रोज दुपारी ओटीवर बसलेले अण्णा दिसत. समोर उतरतं डेस्क, त्यावर कागद, हातात टाक. अण्णा दोन ओळी लिहीत, मग कागद चुरगळून टाकत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उत्तराने एकदा ते बोळे केरात भरले तेव्हा वरच्या बोळ्यावरचं थरथरतं अक्षर गोदाकाकूंनी वाचलं. 'चिरंजीव गोपीनाथ यास.' त्या रात्रभर आढ्याकडे पाहत पडून राहिल्या.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. गजर वाजला की थोड्याच वेळाने ओटीवरून खडावांचा आवाज निघे, आणि न्हाणीघराच्या दाराची कडी वाजे. दर वेळी. अण्णा संतापून उठून जातात, असं गोदाकाकूंना वाटे. या खणखणाटाने त्यांच्या जपात विघ्न येतं. चूल बाटवली ती बाटवली, वर ही कटकट. शेवटी एके दिवशी सकाळीच त्यांनी ते घड्याळ वळकटीत गुंडाळून वर उशी ठेवली आणि उन्हाची तिरीप पाहून अदमासाने मोरीवर जाऊ लागल्या. दुपारपर्यंत घर अगदी शांत राहिलं. उत्तरा मुलांना घेऊन शेजारी हळदीकुंकवाला गेली होती.

तीनच्या सुमाराला खडावा वाजल्या, आणि त्या न्हाणीघराकडे न वळता कोठीकडे आल्या. गोदाकाकू भिंतीला धरून उठल्या. अण्णा दारात उभे होते.

"गोदाबाई, आज गजर का वाजला नाही?"

"तुम्हाला त्रास होतो म्हणून," गोदाकाकू म्हणाल्या आणि खाली पाहिलं. तेव्हा त्यांना अण्णांचं धोतर दिसलं. पुढून, थेट घोट्यांपर्यंत, ओलं. त्यांच्या थरथरत्या हातांत पळी नव्हती, पंचपात्रही नव्हतं. संध्येची वेळच नव्हती.

अण्णांनी गोदाकाकूंची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि धोतराचा सोगा ओढून पुढे धरायचा प्रयत्न केला. हाताच्या कंपाने तो सुटून पडला.

"किती दिवस?" गोदाकाकूंनी विचारलं. अण्णांना त्यांनी आजवर असा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"दीड वर्ष होईल." अण्णा उंबऱ्यावर खाली बसले. "गजर सुरू झाल्यापासून बरं होतं. तुम्ही उठलात की मागोमाग मी उठत होतो. आज एकदम..." त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता, शिरस्तेदाराचा राहिला नव्हता. "हरिहरला ठाऊक नाही. उत्तराला कळलं तर मला ओटीवर कोण बसू देईल?"

गोदाकाकूंनी वळकटी उलगडली, घड्याळ काढलं, किल्ली दिली आणि ते उंबऱ्यापाशी, दोघांच्या मधे ठेवलं.

"कल्याणचं पत्र राहूनच गेलं," अण्णा घड्याळाकडे पाहत म्हणाले. "हात चालत नाही. आता राहू दे."

गोदाकाकूंनी पदराने घड्याळाची काच पुसली. मग त्या म्हणाल्या, "अण्णा, नुसता गजर पुरत नाही. पाणी प्यावं लागतं. तुम्हीही तोडलंयत ना?"

अण्णांनी मान हलवली. त्यांचे ओठ फुटले होते. इतके दिवस समोर असून ते गोदाकाकूंना दिसले नव्हते. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पुढे कसा करावा म्हणून तसाच धरून उभ्या राहिल्या. अण्णांनी त्या पेल्याकडे पाहिलं, मग दोन्ही हात पुढे केले. पेला ओठाला लागेतो निम्मं पाणी छातीवरून धोतरावर सांडलं, आणि सवयीने ते ओशाळून थांबले.

"सांडू द्या अण्णा," गोदाकाकू म्हणाल्या आणि पेला पुन्हा भरला. "उत्तरा येईल आता. सांडलेलं बरं."